विंचवाच्या बिऱ्हाडात गोधडी

आपल्याकडच्या बायकांना रिकाम्या हातांनी प्रवास करता येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. डेक्कन क्वीनने रोज पुणे-मुंबई करणाऱ्या कित्येकींनी खंडाळ्याच्या घाटात भाच्या-पुतण्यांचे स्वेटर पुरे केले आहेत. तेव्हा मी अमेरिकेत जाऊन गोधडी शिवून आले, असे सांगितले तर कोणाला फारसे नवल वाटू नये. नवल आहे ते ती जिथे शिवली त्या जागेचे. मोटारीच्या मागे जोडलेली, चाकांवर चालणारी, सतरा फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद अशी एक डबी! 2023 च्या जुलैत लेक, जावई, अकरा वर्षांची नात आणि मी असे चौघे तीत अठरा दिवस राहिलो, आणि न्यू जर्सीहून निघून पार अलाबामापर्यंत जाऊन आलो.

ह्या डबीला तिकडे कँपर म्हणतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही आपली म्हण. तिकडे ते बिऱ्हाड मोटारीच्या पाठीवर असते, इतकाच फरक. आत शिरले की दोन शेगड्यांची चूल, तिच्याशेजारी ताटाएवढी मोरी, खाली डबे ठेवायची फडताळे. जेवायचे टेबल रात्री खाली उतरवून त्यावर बाकांच्या गाद्या मांडल्या की त्याचाच पलंग होतो. चाळीतल्या दोन खोल्यांत अकरा माणसांचा संसार पाहिलेली मी. मला जागेचे भय नव्हते. भय होते ते शिवणाचे. कारण गोधडीला जमीन लागते. चार कोपरे ताणून ती ऐसपैस पसरावी, बायकांनी चारी बाजूंना बसावे आणि बोलता बोलता धावदोरा घालीत मध्याकडे सरकावे, ही आपली रीत. आणि इथे तर पसरायला लागलेली चटईसुद्धा दाराबाहेर जात होती.

परंतु अडचण ही शिवणाऱ्या बाईला नवी नसते. चार दिवसांत आमचे एक शास्त्रच तयार झाले. पुढेमागे कोणाला उपयोगी पडेल म्हणून ते सांगते.

पहिला नियम असा की, मोठे काम घरी आणि लहान काम वाटेवर. कापड धुऊन, इस्त्री करून, पाच-पाच इंचांचे चौकोन कापून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रचून घ्यावे. कँपरमध्ये कापड मापून कापायला जागा नसते आणि इस्त्रीला वीज पुरत नाही. इस्त्री हजार वॉटच्या आसपास वीज खाते. बॅटरीवर चालणाऱ्या बिऱ्हाडाला ती चैन परवडत नाही. शिवण बसवायची तर अंगठ्याच्या नखाने दाबून बसवावी. आपल्या आज्यांनी दुसरे काय केले?

दुसरा नियम, चालत्या मोटारीत फक्त हातशिलाई. मागे जोडलेल्या कँपरमध्ये प्रवासात बसायला पुष्कळ राज्यांत मनाई आहे, त्यामुळे दिवसा सारे मोटारीत. तिथे सर्वांत चांगले काम म्हणजे षटकोनांचे. जाड कागदाचे लहान षटकोन कापायचे, त्यांवर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे आणि मग ते काठाला काठ लावून जोडीत जायचे. कागद शेवटी काढून घ्यायचा. मांडीवर मावणारे हे काम. गाडीला धक्का बसला तरी फार बिघडत नाही. फक्त सुई टोचून ठेवायची गादी लोहचुंबकाची हवी. निजायच्या गादीत हरवलेली सुई ही सतरा फुटांच्या घरात सर्वांचीच काळजी होते!

तिसरा नियम मशीनचा. लेकीने जुन्या बाजारातून सिंगर कंपनीचे 'फेदरवेट' मशीन मिळवले होते. 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हे मशीन पुढे आले, आणि पुढे काही दशके त्याचा संसार जोरात चालला. काळे अंग, सोनेरी वेलबुट्टी, वजन अवघे पाच किलो. डाव्या अंगाचा पाट उचलून दुमडला की ते लहानशा पेटीत जाऊन बसते. त्याची मोटर इतकी अल्पाहारी की संध्याकाळी दोन तास शिवले तरी बॅटरी कुरकुर करीत नसे. मात्र जेवणे व्हायच्या आत मशीन आवरायचे, कारण टेबल एकच. "आजी, भूक लागली," असे नातीने म्हटले की शिवणखात्याने गाशा गुंडाळावा, असा जावईबापूंचा हुकूम होता.

आणि गोधडी पसरायची कुठे, ह्या प्रश्नाचे उत्तर दाराबाहेरच उभे होते. तिकडच्या तळांवर प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला बाके जोडलेले एक लाकडी टेबल असते, चांगले सहा फुटी. त्यावर थर पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि वाऱ्याची झुळूक यायच्या आत कच्चे टाके घालून मोकळे व्हायचे. एकदा टाके पडले की गोधडी गुंडाळी करून मांडीवर घेता येते. एक टोक शिवायचे, दुसरे गुंडाळलेलेच.

हे सारे आम्हीच शोधून काढले असा माझा मुळीच दावा नाही. चाकांवर बसून गोधड्या शिवण्याची रीत त्या देशात जुनी आहे. 1840 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हजारो कुटुंबे मिसूरी नदीकाठाहून ऑरिगनकडे निघाली. दोन हजार मैलांची ती वाट, चार-सहा महिन्यांचा प्रवास आणि वर कापडाचे छत घातलेली बैलगाडी. आमच्या डबीची पणजीच म्हणाना! निघणाऱ्या बाईला शेजारणी-मैत्रिणी आपापल्या सह्या केलेले तुकडे जोडून गोधडी करून देत. पुन्हा भेट होईल ह्याची खात्री नसे. ती गोधडी पांघरूण होई, दाराचा पडदा होई, आणि वाटेत कोणी गेले तर कफनही होई. गोधड्यांच्या नक्षींची नावेही वाटेवरचीच: 'उडते हंस', 'कॅन्ससची खडकाळ वाट'. 'भटके पाऊल' नावाची एक नक्षी होती. तिच्याखाली निजलेले पोर घर सोडून जाते असा समज पडला, म्हणून बायकांनी तिचे नाव बदलून 'टर्कीची पावले' असे ठेवले असे सांगतात. हे ऐकून मी माझ्या लेकीकडे पाहिले. तिच्या लहानपणीची गोधडी तर साध्या चौकोनांची होती. तरी ती गेलीच की सातासमुद्रापलीकडे!

आमचा पहिला मुक्काम पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात पडला. इथे आमिश पंथाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडून आले. ते सरकारी तारेवरची वीज घरात घेत नाहीत, मोटार बाळगीत नाहीत. करड्या छताच्या घोडागाड्यांतून फिरतात. आमच्या मोटारीमागे डबी आणि पुढे टापांचा आवाज करीत चाललेला घोडा, असे आम्ही कितीतरी वेळ मुकाट चाललो. त्यांच्या जुन्या गोधड्यांत छापील कापड नसते. एकरंगी लोकर, जांभळा, किरमिजी, गडद निळा. मध्ये एक मोठा चौकोन किंवा हिरकणी, बस्स. लांबून पाहिले तर इतके साधे की हे तर कोणीही करील असे वाटते. जवळ जावे तो त्या साध्या रंगावर धावदोऱ्याने काढलेली पिसे, वेली, दोरखंड! तुकडे पायमशीनवर जोडतात, पण वरचे टाके हाताचे. छायाचित्र काढलेले त्यांना रुचत नाही, म्हणून आम्ही कॅमेरे पेटीत ठेवले आणि डोळ्यांनीच पाहून घेतले.

त्यांच्या आणि आपल्या गोधडीत एक भेद मला तिथेच उमगला. तिकडे तुकडे काठाला काठ जोडून आधी वरचा थर पुरा करतात. मग मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि शेवटी टाके. आपल्याकडे कापसाचे काम नाही. जुनी लुगडी एकावर एक घालायची, वर तुकडे ठेवायचे, आणि एकच धावदोरा नक्षीही होतो आणि जोडही होतो. तिकडे आधी चित्र, मग ऊब. आपल्याकडे दोन्ही एकदम.

तिथून पश्चिमेला ओहायो राज्यात उतरलो. अ‍ॅडम्स परगण्यातल्या रस्त्यांवर एक गंमत दिसते. शेतातल्या मोठमोठ्या लाकडी कोठारांवर आठ फुटी चौकोनात गोधडीची नक्षी रंगवलेली! ह्या प्रघाताची जन्मकथा गोड आहे. डोना सू ग्रोव्ह्स नावाच्या बाईची आई गोधड्या शिवीत असे. तिच्या सन्मानासाठी घराजवळच्या कोठारावर एक चौकोन रंगवावा, एवढीच लेकीची इच्छा. शेजाऱ्यांनी ती कल्पना उचलली, आणि 2001 साली त्या परगण्यात पहिला चौकोन लागला. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत असे चौकोन आहेत, आणि ते पाहत पाहत फिरण्यासाठी लोक सहली काढतात. नातीने वहीत पानभर चौकोन काढले. मी मात्र दिवसभर एवढाच विचार करीत होते की, आईच्या गोधडीचे ऋण आपण कुठल्या भिंतीवर रंगवायचे?

केंटकीतले पडूका हे गाव टेनेसी आणि ओहायो ह्या नद्यांच्या संगमाशी वसलेले. 1991 पासून इथे गोधड्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि 1985 पासून इथे गोधड्यांची जत्रा भरत आली आहे. जत्रा वसंतात भरते, त्यामुळे आम्हांला ती चुकली. पण संग्रहालय पाहिले. काय ती कला! रंगवलेले चित्रच वाटावे असे चेहरे, फुले, पाण्यावरचा प्रकाश, आणि सारे कापडाचे. टाके इतके बारीक की मोजायला भिंग हवे. हात लावायला अर्थातच मनाई. अर्धा तास गुपचूप पाहिल्यावर नात माझ्या कानाशी लागली, "आजी, ह्या कोणी पांघरत नाही का?" मला उत्तर देता आले नाही. कलेचा मान वाढला ही आनंदाचीच गोष्ट. पण पांघरुणाला पांघरता न येणे हेही कोड्यातच टाकणारे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या पिशवीत बिस्किटांचा डबा होता, दोन सुती लुगडी होती, आणि तळाशी आठ शर्ट होते. ते ह्यांचे. 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, हे गेले. नेहमीची विमाने बंद होती. जी थोडी चालत त्यांचे तिकीट लेकीला मिळेना. तिने वडिलांचे शेवटचे दर्शन फोनच्या काचेतून घेतले. बाकीचे कपडे मी देऊन टाकले. हे आठ शर्ट मात्र राहिले: पांढरे, फिकट निळे, बारीक चौकडीचे. ह्यांची गोधडी करायची म्हणून मी ते समुद्रापार नेले होते. पण लँकेस्टरला काढले, घड्या घालून परत ठेवले. ओहायोत काढले, परत ठेवले. पडूकातही तेच. कात्री लावायला हात होईना. लेकही त्यांबद्दल चकार शब्द काढीत नसे. तिचे एकच पालुपद: "आई, तू आता इथेच राहा." आणि माझे एकच उत्तर: "बघू."

पडूकाहून दक्षिणेला उतरत आम्ही अलाबामातल्या जीज बेंडला गेलो. अलाबामा नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेला हा जमिनीचा तुकडा. 1816 च्या सुमारास जोसेफ जी नावाच्या गोऱ्याने इथे कापसाचा मळा घातला. 1845 साली तो मार्क पेटवे ह्याच्याकडे गेला. गुलामगिरी सुटल्यावरही त्या मळ्यातली माणसे तिथेच कुळे म्हणून राहिली आणि कितीकांनी मालकाचेच पेटवे हे आडनाव लावले. लाकडाच्या झोपड्या, फटींतून येणारा वारा, आणि अंगावर घालायला जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या. पँटींचे पाय, शर्टांच्या पाठी, पिठाची पोती, जे हाताला येईल ते. मतदार म्हणून नाव नोंदवायला हे लोक नदीपलीकडच्या कॅमडेन गावी जाऊ लागले, तेव्हा 1962 साली त्यांची होडी बंद झाली. पाण्यावरून पलीकडे दिसणाऱ्या गावाला तासाभराचा वळसा पडला. 1966 साली तिथल्या आसपासच्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांच्या गोधड्या मांडल्या गेल्या, तेव्हा मोठमोठे टीकाकार तोंडात बोट घालून उभे राहिले. 2006 साली त्या अमेरिकेच्या टपाल-तिकिटांवर आल्या. आणि होडी? तीही त्याच वर्षी सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांनी!

कँपर तळावर ठेवून आम्ही त्या होडीनेच पलीकडे गेलो. जुलैचे ऊन, तापलेली तांबडी माती, रस्त्याकडेला गोधड्यांची रंगवलेली चित्रे. गावातल्या बायका अजून शिवतात. एका वयस्क बाईने आमच्यापुढे चार गोधड्या उलगडल्या. एकही रेघ सरळ नाही आणि एकही चुकलेली वाटत नाही. मी माझे अर्धे शिवलेले लुगडे तिला दाखवले. तिने ते उलटे करून टाके पाहिले, बोट फिरवले आणि नुसती मान हलवली. शिवणाऱ्या बाईची ती मान मला कळली.

तिथेच एका पुस्तकात एक छायाचित्र पाहिले. 1942 साली मिसूरी पेटवे ह्या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे काढले आणि थोरल्या मुलीला हाताशी घेऊन त्यांची गोधडी केली. त्याची आठवण पांघरता यावी म्हणून. निळ्या, करड्या, विटलेल्या पट्ट्या. गुडघ्यांवर जिथे कापड झिजले होते ती झीजही तशीच दिसते. माझी लेक माझ्या खांद्यावरून ते चित्र पाहत होती. कोणी काही बोलले नाही.

त्या रात्री जावईबापू नातीला घेऊन बाहेर शेकोटीशी बसले. जेवणाचे टेबल मोकळे होते. मी शर्ट काढले. कापण्याआधी उसवावे लागते. बाह्या, मग खांद्याची पट्टी, मग कॉलर. लेक समोर बसली आणि न सांगता दुसरा शर्ट उसवू लागली. निळ्या शर्टाची कॉलर सुटली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला कापडाचा मूळ रंग निघाला, नवा कोरा, गडद निळा. बाहेरचा इतका विटला होता हे तोवर ध्यानात आले नव्हते. लेक म्हणाली, "हा बाबांनी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी घातला होता." मग ती बोलतच गेली. मान खाली, बोटे शिवणीत. काचेतून पाहिलेला तो दिवस, फोन बंद झाल्यावर ती किती वेळ तशीच बसली होती, आणि "तू इथेच राहा" हे ती का म्हणत आली. "पुन्हा तसा फोन मला नको, आई." दोन वर्षे दर रविवारी आम्ही बोलत होतो, पण जे बोलायचे ते ह्या दोन फुटी टेबलाशी, एकमेकींकडे न पाहता बोलणे झाले.

मी तिला खोटे आश्वासन दिले नाही. पुण्यातले घर, तिथली माणसे, खिडकीतला पारिजातक, हे मला सोडवत नाही, हे तिला स्पष्ट सांगितले. वर्षातून एकदा येईन हेही सांगितले. ती रडली, मीही रडले, आणि मग आम्ही पुढची बाही उसवायला घेतली.

परतीच्या सहा दिवसांत गोधडी उभी राहिली. वरती शर्टांचे चौकोन, आत आणि खाली माझी लुगडी. चौकोन मशीनवर जोडले, वरचे टाके हाताचे. एका कडेने मी, दुसऱ्या कडेने लेक, आणि नातीने तिसऱ्या कडेला आयुष्यातला पहिला धावदोरा घातला. तिचे टाके अर्ध्या-अर्ध्या इंचाचे, दारू प्यालेल्या मुंगीसारखे! लेक ते उसवायला निघाली होती. मी उसवू दिले नाहीत. एका पांढऱ्या शर्टाचा खिसा आम्ही न कापता तसाच मध्यावर लावला आहे. त्याच्या तळाशी शाईचा डाग आहे. पेनाचे टोपण नीट न लावण्याची ह्यांची सवय जन्मभर गेली नाही. नात त्या खिशात रात्री हात घालून निजते, असे लेकीने परवा कळवले.

आठांपैकी चारच शर्ट त्या गोधडीला लागले. उरलेले चार मी परत आणले आहेत. दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे गेले की दुसरी गोधडी घालणार आहे. इथे पसरायला जमीन भरपूर आहे, पण सवय अशी लागली आहे की मी जेवणाच्या टेबलावरच कापड मांडते. लेक येणार आहे डिसेंबरात. तिच्यासाठी एक कड शिवायची ठेवली आहे.